झडतीचं दार

अंबड,
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय पुष्पा,

जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे फाडता येईल, पण त्याआधी साक्षी ते वाचून दाखवेल. पाच वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, "मोठ्या आजी, तुमचे केस पांढरे अन् भुवया काळ्या कशा?" असं विचारणारी मुलगी पत्र उघडल्याशिवाय राहणार नाही. साक्षी, मोठ्याने वाच. आजी "पुरे" म्हणाली तरी थांबू नकोस.

नऊ वर्षांत तू माझ्याशी बोलली नाहीस, त्याबद्दल हे पत्र नाही. कामाचं लिहिते.

शेटजींची जिनिंग पाडणार नाहीत. पंचवीस वर्षं बंद आहे, आता प्लॉट पडणार असं सगळ्यांनी धरलं होतं. अमरचंद शेटजी गेले. त्यांच्या पत्नी संतोषबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या मनात आलं की इमारत विकायची नाही, तिथे मुलींसाठी अभ्यासिका करायची. आपल्याकडे पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षांना बसणाऱ्या मुली पत्र्याच्या खोल्यांमध्ये उकडत अभ्यास करतात, तेव्हा कल्पना चांगली आहे. त्यांचा नातू मयंक पुण्यात आर्किटेक्ट आहे, तो दर पंधरा दिवसांनी येतो. समितीत आम्ही चार जण: संतोषबाई, मयंक, तहसीलमधून निवृत्त झालेले साहेबराव, आणि मी. मला का घेतलं ते मला कळतं. मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि आपल्या वस्तीतली आहे, फोटोत दोन्ही गोष्टी एकदम येतात. तरी मी हो म्हटलं. खुर्ची आपल्याला कशासाठी दिली याचा विचार मी खुर्चीत बसून करते.

मयंकचं काम वाईट नाही, हे आधी सांगते. विटांवरचे चुन्याचे थर तो ब्रशने उतरवून घेतो, छिन्नी लावू देत नाही. छताच्या लोखंडी कैच्या तशाच ठेवल्या आहेत, फक्त गंज काढून तेल दिलं. फुटलेल्या कवेलूंच्या जागी परतूरच्या एका पडलेल्या गोदामातले जुने कवेलू आणले. धुराड्याला हात लावलेला नाही. रेच्यांचे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांचे, दगडी ओटे फोडायचे नाहीत, त्यांच्यावरच अभ्यासाची टेबलं बसवायची, हे त्यानेच सुचवलं. म्हणजे आपली आई जिथे आठ-आठ तास उभी राहून रेच्यात कापूस घालायची, तिथे एक मुलगी बसून वाचेल. मला ते आवडलं, आणि मी तसं त्याला सांगितलं. मी लोकांना असं सांगत नाही हे तुला माहीत आहे.

पण पूर्वेचं दार जाणार आहे.

साक्षीसाठी लिहिते, तुला सांगायची गरज नाही. जिनिंगच्या पूर्वेच्या भिंतीत दीड हात रुंदीचं एक दार आहे. एका वेळी एकच बाई जाईल एवढं. त्याच्या बाहेर पायरीच्या जागी एक काळा दगड आहे. संध्याकाळी भोंगा झाला की पुरुष मोठ्या फाटकातून सरळ घरी जायचे. बाया या दारापाशी रांगेत उभ्या राहायच्या. एकेकीने दगडावर चढायचं, पदर सोडून झटकायचा, पाठमोरं होऊन पुन्हा झटकायचा, कमरेचा ओचा सोडून दाखवायचा, आणि मग घरी जायचं. कापूस नेला नाही याची खात्री म्हणून. त्याला झडती म्हणत.

मयंकच्या नकाशात त्या भिंतीच्या जागी काच आहे. उजेडासाठी. मी म्हटलं, काच पश्चिमेला लाव, हे झडतीचं दार आहे, हे राहील. त्यावर संतोषबाई म्हणाल्या, "मॅडमजी, आपल्या इथे झडती-बिडती कधी झालीच नाही. ते तर हवेचं दार होतं."

साहेबरावांनी लगेच मान हलवली, जणू ते रोज तिथे हवा खायला जात होते.

मयंक म्हणाला, "मॅडम, पुरावा असेल तर मी स्वतः नकाशा बदलतो. नुसत्या ऐकीव गोष्टीवर दादीला खोटं पाडू शकत नाही."

बैठक १५ डिसेंबरला आहे. २० तारखेला भिंत फोडणार. तू त्या दगडावर सात सीझन उभी राहिली आहेस. ये आणि सांग. एवढंच काम आहे. माझ्याशी बोलायची अट नाही.

शिवकन्या


अंबड,
२४ नोव्हेंबर २०२४

पुष्पा,

पोचपावती आली. तिच्यावर साक्षीची सही आहे. तुझं उत्तर नाही. बरं.

मी इतर बायांचा शोध घेतला. बहुतेक गेल्या. दोघी मुलांकडे चाकणला आहेत, त्यांना काही आठवत नाही. एक इथेच आहे, अगदी तल्लख आहे, पण तिच्या सुनेने मला दारातच अडवलं. "बाई, आमच्या सासूला त्याच्यात वढू नका. नातवाची सोयरीक चालू हाय. झडती म्हणलं की लोक इचारतील, काय सापडलं व्हतं?" आतून म्हातारी ओरडली, "काय न्हाई सापडलं!" सुनेने दार लावून घेतलं.

संतोषबाई नाही म्हणतात हे मला समजतं. आपल्याच बाया नाही म्हणतात, हे मला सहन होत नाही. जी लाज झडती घेणाऱ्याला वाटायला हवी, ती झडती देणाऱ्यांनी का बाळगायची?

निवडणुकीचा एक फायदा झाला. वसंता मिस्त्रीचे सगळे मजूर प्रचाराला गेले, म्हणून आठ दिवस दगड वाचला. परवा ते परत आले. वसंता मला म्हणाला, "बाई, ह्या दगडाला मधीच दोन खड्डे पडलेत, बघा. पावलायचे हायेत. एवढ्या बाया काऊन इथंच उभ्या राह्यल्या आसतील?" मी म्हटलं, हवा खायला. तो हसला, मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने हसू आवरलं. नंतर म्हणाला, "भिंत इसला फोडायची हाय, पर दगड मी उद्याच काढून राह्यलो. मंग म्हणू नका सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन दगडावर बसले. बारा वाजता मयंकचा पुण्याहून फोन.

"मॅडम, वसंता म्हणतो तुम्ही दगडावर बसल्या आहात. खरं आहे का?"

"खरं आहे. डबापण आणला आहे."

"पण असं कसं..."

"बैठकीआधी काही हलवायचं नाही असं ठरलं होतं. इतिवृत्तात आहे, तुझ्याच सहीचं. वाच."

पंधरा मिनिटांनी वसंता आला आणि म्हणाला, "बाई, साहेबांनी सांगितलंय हात लावू नको. आता उठता का? तिथं ऊन लागून राह्यलं." मी डबा संपवून उठले.

१५ डिसेंबर, रविवार, सकाळी अकरा. कुंभार पिंपळगावहून पावणेनऊची एसटी घेतलीस तर वेळेवर पोचशील.

शिवकन्या


अंबड,
२ डिसेंबर २०२४

पुष्पा,

काल संतोषबाईंनी मला घरी बोलावलं, जिनिंगच्या पूर्वेला लागून असलेल्या वाड्यात. आता त्या जिना चढत नाहीत, खालच्याच खोलीत असतात. चहा आला. त्यांच्या कपांतल्याच एका कपात आला. आईला तिथे कधी आला नव्हता, म्हणून लिहून ठेवते.

मला वाटलं, त्या गोड बोलतील. त्या सरळ बोलल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"मॅडमजी, मी ही अभ्यासिका शेटजींच्या नावाने करते आहे. मुली येतील, दुवा देतील. तुम्ही दारापाशी पाटी लावणार, इथे शेटजी बायकांचे पदर झटकून घेत होते. मेलेल्या माणसाला उत्तर देता येतं का?"

मी म्हटलं, "पाटी नको मला. दार हवं. तुम्ही चिमणी ठेवता, कैच्या ठेवता, कवेलू शोधून आणता. इमारत जशी होती तशी ठेवायची म्हणता. मग त्यातलं आमचं तेवढंच काढता?"

"चिमणी बघून कोणाला दुखत नाही."

"तुम्हाला दुखत नाही."

त्यांनी हातातली माळ मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "जास्त खोदू नका. तुमच्या आईचंपण नाव निघेल. तिच्याजवळ कापूस सापडला होता. मला सगळं आठवतं."

मी कप खाली ठेवला. "झडती कधी झालीच नाही म्हणता. मग आईजवळ कापूस सापडला कसा?"

त्यांनी मांडीवरची माळ पुन्हा उचलली. शाळेत पस्तीस वर्षं मी हा चेहरा पाहिला आहे, उत्तर तोंडातून निसटून गेल्यावरचा. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या सावरल्या आणि पुढे एक वाक्य बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही. साक्षी वाचते आहे.

चार भिंतींच्या आत जे कबूल केलं ते त्या बैठकीत नाकारतील. तेव्हा पुरावा लागेल. पुरावा आहे. माझ्याकडेच आहे, ट्रंकेत, शेहेचाळीस वर्षं होत आली. त्याबद्दल वेगळं लिहीन.

शिवकन्या


अंबड,
७ डिसेंबर २०२४

पुष्पा,

हे पत्र साक्षीला देऊ नकोस. साक्षी, पाकीट तू फोडलं असशील तर इथेच थांब आणि आजीच्या हातात दे. मी तुझ्यावर विश्वास ठेवते.

पुष्पा, तू सहावीपर्यंत शिकलीस. तुला वाचता येतं. चष्मा लावायला लाजतेस म्हणून नातीला पुढे करतेस. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. हळूहळू वाच. माझ्याकडूनही हे हळूहळूच लिहून होतंय.

पुरावा म्हणजे झडतीचं रजिस्टर. लाल पुठ्ठ्याचं. तारीख, नाव, काय सापडलं, शेरा. चार रकाने. अक्षर माझं आहे. काम सोडलं तेव्हा ते माझ्याजवळच राहिलं.

हे तुला माहीत आहे. त्या हिवाळ्यात दारापाशी टेबल टाकून मी बसायचे, हे अख्ख्या जिनिंगला माहीत होतं. संतोषबाईंचं न लिहिलेलं वाक्य तेच होतं: "और पकड़नेवाली कौन थी, मॅडमजी?"

१९७८, नामांतराच्या ठरावाचं वर्ष. दंगलीनंतर मी औरंगाबादचं होस्टेल सोडून घरी आले होते. बी.ए.चं दुसरं वर्ष. दारावरचा माणूस बायांच्या कमरेला हात लावतो अशी तक्रार झाली होती, आणि आईच त्या तक्रारीत पुढे होती. शेटजी म्हणाले, "तुमच्यातलीच शिकलेली पोरगी बसवतो." मला टेबल मिळालं, पेन मिळालं. मी कोणाला हात लावला नाही, कोणाला शिवी दिली नाही. मला वाटलं मी झडती सुधारली. मला त्याचा अभिमान होता. सुधारलेली झडतीसुद्धा झडतीच असते, एवढं मला बी.ए. होऊन कळलं नाही.

११ जानेवारी १९७९. रांगेत आईचा नंबर आला. ती दगडावर चढली, पदर झटकला, पाठमोरी झाली. ओचा सोडायला तिने वेळ लावला. निऱ्यांच्या आत मूठभर कापूस होता. तो टेबलावर पडला.

तुला वाटतं, मला कारण माहीत नव्हतं. आई तुला म्हणाली असेल की शिवीला बिचारीला काय ठाऊक. ती तुझ्याशी खोटं बोलली, माझ्यासाठी. ती वाकली होती. माझ्या कानाशी म्हणाली, "पुष्पीला कालपासून झालंय गं. फडकं पुरंना. जाऊ दे."

मला माहीत होतं. माहीत असताना मी लिहिलं.

मागे चाळीस बाया उभ्या होत्या. आदल्याच दिवशी मी एकीची तेवढीच मूठ लिहिली होती, तिला कामावरून काढलं होतं, आणि ती त्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहून बघत होती, मास्तरीण आता आईचं काय करते. मी आईला सोडलं असतं तर माझं रजिस्टर खोटं झालं असतं. मी विचार केला तो एवढाच. तारीख, नाव, "कापूस, एक मूठ". शेऱ्यात लिहिलं: चोरी.

 आईने ओचा खोचला आणि ती दगडावरून उतरली. दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. आठवड्याने मुकादम घरी आला, म्हणाला, धाकटीला पाठवा. तू बारा वर्षांची होतीस. तू तिसऱ्या रेच्यावर उभी राहिलीस आणि मी उन्हाळ्यानंतर कॉलेजात परत गेले. माझं बी.ए. आणि बी.एड. कोणाच्या पायांवर उभं राहिलं ते मला माहीत आहे. ते मी कोणत्याही भाषणात सांगितलेलं नाही.

आणि भाषण मी केलंच. नऊ वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांसमोर म्हणाले, "आईने आयुष्यात कोणाची काडी उचलली नाही." तू भरलं ताट सोडून उठलीस आणि स्टँडवर निघून गेलीस. लोक म्हणाले, पुष्पाला दुःख झालं. मला कळलं होतं तुला काय झालं. मी तुझ्यामागे आले नाही, कारण जेवणाऱ्या माणसांना सोडून जाणं बरं दिसलं नसतं.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला देण्याचं ओझं होतं, आणि तू ओझी पुष्कळ उचलली आहेस. मी परवानगी मागते. रजिस्टर बैठकीत उघडलं तर संतोषबाईंना बोलता येणार नाही. पण ते उघडलं की आईचं नाव "चोरी" या शब्दासमोर सगळ्यांना दिसेल. माझी अब्रू जाईल त्याचं मी बघून घेईन. आईची माझ्या एकटीची नाही.

हो किंवा नाही, एक शब्द साक्षीच्या मोबाईलवरून पाठव. नाही म्हणालीस तर रजिस्टर ट्रंकेत राहील आणि २० तारखेला मी दगडावर बसेन. डबा घेऊन. मग त्यांनी माझ्यासकट भिंत फोडावी.

तुझी,
शिवकन्या


अंबड,
१७ डिसेंबर २०२४

साक्षी,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. मोठ्याने वाच, म्हणजे आजीला ऐकावंच लागेल. रविवारी काय घडलं ते ती तुला नीट सांगणार नाही. ती म्हणाली असेल, "गेल्ते, आल्ते." म्हणून मी सांगते.

तिचा मेसेज आला नव्हता. न आलेला हो म्हणजे नाही, असं धरून मी गेले. रजिस्टर पिशवीत होतं, पण उघडायचं नाही असं ठरवलं होतं. बैठक जिनिंगमध्येच होती, कैच्यांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. मी वीस मिनिटं बोलले. मयंकने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावना कळतात." हे वाक्य ऐकलं की समजावं आपण हरलो.

साहेबराव म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या आता. दारं काय, इमारतीला रग्गड आहेत. मुलींना उजेड मिळू द्या की."

संतोषबाई म्हणाल्या, "मी सांगितलं ना, ते हवेचं दार."

तेवढ्यात त्या हवेच्या दारातून तुझी आजी आत आली. मोठ्या फाटकातून नाही. पूर्वेकडून, पिशवी काखेत, डोळ्यांवर चष्मा. तिला चष्म्यात मी पहिल्यांदा पाहिलं.

"शेठाणी, वळखलं का? पुष्पी मी. तिसऱ्या रेच्यावरची."

संतोषबाईंनी डोळे बारीक केले. "कौन पुष्पी?"

"हां, तसं तोंड कव्हा बघितलं तुम्ही आमचं. थांबा, दाखविते, मंग बराबर वळखसाल."

ती मागे फिरली आणि दगडावर चढली. तिचे पाय न बघता त्या दोन खड्ड्यांत गेले. मयंकने ते पाहिलं, मी त्याच्याकडे बघत होते. तिने पदर सोडला आणि झटकला. पाठमोरी झाली, पुन्हा झटकला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण हात सवयीने चालत होते, आणि त्या उघड्या दारातून ते सगळं आम्हा चौघांना दिसत होतं, आणि पलीकडे थापी हातात धरलेल्या वसंतालाही. मग ती आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि कमरेचा ओचा सोडला.

मूठभर कापूस दगडावर पडला. ताजा, बोंडातून काढलेला, सरकीसकट.

"घ्या," ती म्हणाली. "आईचं राह्यल्तं द्यायचं."

 संतोषबाई त्या कापसाकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मैं ऊपर की खिड़की से देखती थी. रोज शाम को. मुझे नीचे आने की इजाज़त नहीं थी." आणि नातवाकडे वळून, "मयंक, ये दीवार रहने दे."

साहेबराव म्हणाले, "मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

तुझ्या आजीने ओचा खोचला, उतरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एसटी किती वाजता हाय?"

पुष्पा, आता तुझ्याशी. कापूस का, हे तिथे फक्त मला कळलं. पोचपावती काल आली, तुझ्या सहीची, पण तिची गरज नव्हती. तो कापूस पाहिला तेव्हाच कळलं, मोठ्या अक्षरांचं पत्र तू स्वतः वाचलंस.

स्टँडवर आपण चहा घेतला.  गाडीत चढताना वळून म्हणालीस, "रजिस्टर जाळू नको. आईचं नाव खोडू बी नको. कोणासाठी न्हेलं ते लिही खाली. तुझ्याच अक्षरात."

गाडी सुटली म्हणून उत्तर देता आलं नाही, असं लिहिणार होते. तसं नाही. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मला उत्तर आलं नाही.

शिवकन्या


अंबड,
३ मार्च २०२५

प्रिय पुष्पा,

काल पहिल्या बावीस मुली येऊन बसल्या. काच पश्चिमेला लागली. उजेड पुरेसा आहे, मयंकने स्वतः मान्य केलं. पूर्वेचं दार आहे तिथे आहे, दगडही. मुली त्याच दारातून येतात-जातात, कारण सायकली त्या बाजूला लावतात. दगडावर कोणी थांबत नाही. एक पाय टेकवतात आणि पळतात. मला आधी वाटलं होतं, थोडं थांबून बघावं त्यांनी. आता वाटतं, पळू देत.

तू सांगितलंस ते केलं. ११ जानेवारीच्या ओळीखाली जागा थोडी होती. लिहिलं: "धाकटी मुलगी पुष्पा हिच्यासाठी. वय बारा. तिला पाळी आली होती. नोंद करणारीला हे माहीत होतं." खाली सही आणि यंदाची तारीख. अक्षर पूर्वीसारखं सरळ येत नाही. तरी वाचता येतं.

रजिस्टर दाराशेजारी काचेच्या पेटीत, त्याच पानावर उघडून ठेवलं आहे. मयंक वाचून अडखळला. "मॅडम, हे... इतकं उघड? इथे मुली येणार आहेत."

"मुलीच येणार आहेत," मी म्हटलं, "म्हणूनच."

ज्या जागी माझं टेबल असायचं, तिथे आता एक लहान कपाट आहे. वसंताने जुन्या जिनिंगच्या फळ्यांचं करून दिलं. त्यात पॅड ठेवले आहेत. कुलूप लावलेलं नाही. साहेबरावांनी विचारलं, "किती गेले, कोणी नेले, याचं एक रजिस्टर ठेवू या का? तुमच्याइतकं नीट कोण ठेवणार?"

मी त्यांना सांगितलं, या दारापाशी यापुढे कसलंही रजिस्टर राहणार नाही. पेटीत आहे ते शेवटचं.

तुझी,
शिवी